विश्लेषण : रॉक अँड रोलचे पहिले गाणे कोणते? आणि त्याचे पैसे कोणाला मिळाले?

अमेरिकेतील मेम्फिस शहरात, ७०६ युनियन अ‍ॅव्हेन्यू या पत्त्यावरच्या एका छोट्या स्टुडिओत ५ जुलै १९५४ च्या रात्री तीन जण गाणे ध्वनिमुद्रित करण्याची धडपड करत होते. गाणारा १९ वर्षांचा, दिवसा ट्रक चालवणारा. त्याचे नाव एल्व्हिस प्रेस्ली. त्या रात्री मुद्रित झालेले ‘दॅट्स ऑल राइट’ हे गाणे दोन आठवड्यांत बाजारात आले आणि संगीताच्या इतिहासातला मैलाचा दगड ठरले. त्या तबकडीच्या लेबलवर गाण्याच्या नावाखाली कंसात आणखी एक नाव छापलेले होते : आर्थर क्रूडप. हे गाणे क्रूडप यांचे होते आणि त्यांनी ते आठ वर्षांपूर्वीच गायले होते. लेबलवर नाव आले, पण पैसे त्यांच्या हयातीत धडपणे आले नाहीत. रॉक अँड रोल आणि त्याचा सख्खा भाऊ रॉकबिली यांच्या सुरुवातीच्या दहा वर्षांत असे वारंवार घडले.

पहिल्या गाण्याबाबत एकमत का नाही?

कारण रॉक अँड रोल एका दिवशी जन्मलेच नाही. कृष्णवर्णीयांचे ऱ्हिदम अँड ब्लूज, चर्चमधले गॉस्पेल, गोऱ्या खेडुतांचे कंट्री संगीत आणि नाचाच्या तालाचे बूगी-वूगी असे प्रवाह दक्षिणेतल्या राज्यांत शेजारी-शेजारी वाहत होते. कायद्याने माणसे वेगळी ठेवली तरी रेडिओच्या लहरींना भिंती नव्हत्या. सिस्टर रोझेटा थार्प यांनी १९४४ मध्ये इलेक्ट्रिक गिटार हातात घेऊन गायलेले ‘स्ट्रेंज थिंग्ज हॅपनिंग एव्हरी डे’ हे भक्तिगीत ऐकले, तर अनेकांना तिथेच रॉकची सुरुवात दिसते. काही जण न्यू ऑर्लिन्सच्या फॅट्स डॉमिनो यांच्या ‘द फॅट मॅन’कडे बोट दाखवतात. ते डिसेंबर १९४९ मध्ये मुद्रित झाले. सर्वाधिक मते मात्र ‘रॉकेट ८८’ या गाण्याला पडतात.

त्या काळी कृष्णवर्णीय कलाकारांच्या तबकड्यांना व्यापारात ‘रेस रेकॉर्ड्स’, म्हणजे ‘वंशाच्या तबकड्या’ असे म्हटले जाई. ‘बिलबोर्ड’ या व्यापारी नियतकालिकाने १९४९ मध्ये ते नाव बदलून ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ केले. नाव बदलले, यादी वेगळीच राहिली. आपले गाणे कोणत्या यादीत बसते यावर ते कोणत्या दुकानात विकले जाणार आणि किती खपणार हे ठरत असे, म्हणून हा फरक महत्त्वाचा होता.

‘रॉकेट ८८’ नेमके कोणाचे?

मार्च १९५१ मध्ये आइक टर्नर यांचा ‘किंग्ज ऑफ ऱ्हिदम’ हा वाद्यवृंद मिसिसिपीतल्या क्लार्क्सडेलहून गाडीने मेम्फिसला निघाला. प्रवासात गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरला इजा झाली. तो गाडीवरून पडला की पावसात भिजला, याच्या दोन हकीकती आहेत. आतला स्पीकर फाटला होता. स्टुडिओचे मालक सॅम फिलिप्स यांनी त्यात कागद कोंबला आणि जो फरफरता आवाज आला तोच मुद्रित केला. पुढे रॉक गिटारवादकांनी मुद्दाम उपकरणे लावून जो आवाज काढला, तो इथे अपघाताने आला होता.

गाण्याचा विषय ‘ओल्ड्समोबिल रॉकेट ८८’ ही मोटार. गायले वाद्यवृंदातले सॅक्सोफोनवादक जॅकी ब्रेन्स्टन यांनी. शिकागोच्या ‘चेस’ कंपनीने तबकडी काढली आणि लेबलवर छापले ‘जॅकी ब्रेन्स्टन अँड हिज डेल्टा कॅट्स’. असा कोणताही वाद्यवृंद अस्तित्वात नव्हता. टर्नर यांचे नाव वाद्यवृंदाचे प्रमुख म्हणून कुठेच आले नाही आणि गाणे ऱ्हिदम अँड ब्लूजच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. टर्नर यांनी हा सल आयुष्यभर बोलून दाखवला. खुद्द ब्रेन्स्टन यांनीही गाण्याचे हक्क लवकरच विकून टाकले. आणि गाण्याचा सांगाडा आपण जिमी लिगिन्स यांच्या १९४७ च्या ‘कॅडिलॅक बूगी’वरून उचलला, हेही त्यांनी कबूल केले होते. तेव्हा ‘पहिले’ कोण हे शोधत मागे गेले की दर वेळी आणखी कोणी तरी आधीच उभे असते.

या यशातून हुरूप आलेल्या फिलिप्स यांनी १९५२ मध्ये स्वतःची ‘सन रेकॉर्ड्स’ ही कंपनी काढली. दुसरीकडे पेनसिल्व्हेनियातले बिल हेली नावाचे गोरे कंट्री गायक याच ‘रॉकेट ८८’ची आपली आवृत्ती १९५१ मध्येच मुद्रित करून मोकळे झाले होते. हे नाव पुढे पुन्हा येईल.

नाव कोणी दिले?

‘रॉकिंग’ आणि ‘रोलिंग’ हे शब्द कृष्णवर्णीयांच्या गाण्यांत आधीपासून होते, कधी नाचासाठी, कधी शरीरसंबंधाचे सूचक म्हणून. ते घराघरांत पोहोचवले क्लीव्हलँडचे रेडिओ निवेदक अ‍ॅलन फ्रीड यांनी. १९५१ पासून ते रात्रीच्या कार्यक्रमात कृष्णवर्णीयांच्या तबकड्या वाजवू लागले आणि गोरी मुलेही कान लावू लागली. २१ मार्च १९५२ रोजी त्यांनी क्लीव्हलँडमध्ये भरवलेल्या ‘मूनडॉग कॉरोनेशन बॉल’ला जागेपेक्षा कितीतरी जास्त गर्दी लोटली आणि पोलिसांनी कार्यक्रम थोड्याच वेळात बंद पाडला. रॉक अँड रोलची पहिली मोठी मैफल म्हणून तिची नोंद होते, ती अर्धवट राहूनही.

रॉकबिली म्हणजे काय?

‘रॉक’ आणि ‘हिलबिली’ यांची ही जोड. हिलबिली म्हणजे डोंगराळ भागातला गावंढळ गोरा, असा हिणवणारा शब्द. ५ जुलैच्या रात्री एल्व्हिसबरोबर गिटारवर स्कॉटी मूर आणि उभ्या बासवर बिल ब्लॅक होते. आधी मुद्रित केलेल्या संथ गाण्यांत कोणाचेच मन लागत नव्हते. मधल्या सुटीत एल्व्हिस क्रूडप यांचे गाणे मस्करीत, उड्या मारत गाऊ लागला आणि इतर दोघांनी साथ धरली. फिलिप्स यांनी ते पुन्हा पहिल्यापासून वाजवायला लावले. त्या ध्वनिमुद्रणात ड्रम नाहीत. ब्लॅक बासच्या तारा ओढून लाकडावर आपटू देतात, त्या फटक्यानेच ताल धरला जातो.

आवाजाला एक झटपट प्रतिध्वनी आहे, तो ‘सन’ची ओळख बनला. त्याची युक्ती सोपी होती. टेप रेकॉर्डरमध्ये आवाज मुद्रित करणारा भाग आणि तो वाजवणारा भाग यांत थोडे अंतर असते. टेपला ते अंतर कापायला सेकंदाचा छोटासा अंश लागतो. फिलिप्स यांनी दुसरे यंत्र जोडून हा उशिरा येणारा आवाज मूळ आवाजात मिसळला. तीन वाद्यांचा तोकडा ताफा त्यामुळे भरगच्च वाटू लागला. पैसे नसल्यामुळे काढलेली ही तोड नंतर मोठ्या कंपन्यांनी नक्कल करून पाहिली.

‘सन २०९’ या क्रमांकाच्या त्या तबकडीच्या एका बाजूला कृष्णवर्णीय क्रूडप यांचा ब्लूज आहे आणि दुसऱ्या बाजूला गोऱ्या बिल मनरो यांचे ‘ब्लू मून ऑफ केंटकी’. मनरो यांची संथ चाल एल्व्हिसने धावती केली आहे. रॉकबिलीची व्याख्या हवी असेल तर ती या एका तबकडीच्या दोन बाजूंत मिळते. मेम्फिसच्या रेडिओवर गाणे वाजले तेव्हा ऐकणाऱ्यांना गायक कोण असावा याचा अंदाज येईना. निवेदक ड्यूई फिलिप्स यांनी मुलाखतीत एल्व्हिसला त्याच्या शाळेचे नाव विचारले. शाळा वर्णावर विभागलेल्या होत्या, त्यामुळे ‘ह्यूम्स हायस्कूल’ हे उत्तर ऐकताच गायक गोरा आहे, हे गावाला कळले.

मग देशभर लाट कशी आली?

बिल हेली यांनी १२ एप्रिल १९५४ रोजी न्यूयॉर्कमध्ये ‘रॉक अराउंड द क्लॉक’ मुद्रित केले. कंपनीने ते तबकडीच्या दुय्यम बाजूला टाकले आणि ते फारसे कोणाच्या लक्षातही राहिले नाही. वर्षभराने बिघडलेल्या शाळकरी मुलांवरचा ‘ब्लॅकबोर्ड जंगल’ हा चित्रपट आला आणि त्याच्या श्रेयनामावलीवर हे गाणे दणदणीत आवाजात वाजले. जुलै १९५५ मध्ये ते सर्वसाधारण लोकप्रियतेच्या यादीत पहिले आले आणि आठ आठवडे तिथेच राहिले.

या गाण्यातला धावता गिटारचा तुकडा आजही शिकणारे गिरवतात. तो वाजवणारे डॅनी सेड्रोन हे ध्वनिमुद्रणापुरते बोलावलेले वादक होते. त्यांना त्या दिवसाचे मानधन मिळाले २१ डॉलर. १७ जून १९५४ रोजी जिन्यावरून पडून त्यांचा मृत्यू झाला. गाणे गाजलेले त्यांनी पाहिलेच नाही.

पैशांचा हिशेब कसा चाले?

तबकडीत दोन गोष्टी विकल्या जातात : रचना आणि ध्वनिमुद्रण. त्या काळच्या अमेरिकी कायद्याने रचनेसाठी प्रत्येक गाण्यामागे दोन सेंट हा दर ठरलेला होता. दहा लाख प्रती खपल्या तर २० हजार डॉलर. ते प्रकाशक आणि गीतकार-संगीतकार यांच्यात वाटले जात. त्यामुळे गाणे कोणी गायले यापेक्षा कागदोपत्री ‘लिहिले’ कोणी, यालाच खरी किंमत होती आणि भांडणेही तिथेच लागत.

चक बेरी यांचे उदाहरण घ्या. मडी वॉटर्स यांच्या सांगण्यावरून ते ‘चेस’कडे गेले आणि मे १९५५ मध्ये ‘मेबलीन’ मुद्रित झाले. ‘आयडा रेड’ या जुन्या कंट्री चालीवर बेतलेले, मोटारींच्या शर्यतीचे हे गाणे कृष्णवर्णीय गायकाने गायलेली कंट्री आहे. म्हणजे एल्व्हिसने जे केले त्याची उलटी बाजू. तबकडी बाहेर आली तेव्हा रचनाकार म्हणून बेरी यांच्या जोडीला दोन नावे छापलेली होती : रेडिओवाले अ‍ॅलन फ्रीड आणि ‘चेस’शी व्यवहार असलेले रस फ्रॅटो. दोघांनी एक ओळही लिहिली नव्हती. आयत्या बिळावर नागोबा! पण फ्रीड यांचा हिस्सा असल्याने गाणे रेडिओवर सतत वाजले, हेही खरे. ही दोन नावे हटायला १९८६ साल उजाडले. फ्रीड स्वतः गाणी वाजवण्यासाठी पैसे घेतल्याच्या प्रकरणात १९५९ मध्ये नोकरीला मुकले, १९६२ मध्ये त्यांनी गुन्हा कबूल केला आणि १९६५ मध्ये, वयाच्या ४३ व्या वर्षी वारले. कृष्णवर्णीयांचे संगीत गोऱ्यांच्या घरात नेणारा आणि त्याच कलाकाराच्या कमाईत हात घालणारा माणूस एकच होता.

‘बिग मामा’ थॉर्नटन यांचे दुखणे वेगळे. जेरी लीबर आणि माइक स्टोलर या अवघ्या १९ वर्षांच्या दोन ज्यू तरुणांनी १९५२ मध्ये ‘हाउंड डॉग’ त्यांच्यासाठीच लिहिले. थॉर्नटन यांचे ध्वनिमुद्रण १९५३ मध्ये ऱ्हिदम अँड ब्लूजच्या यादीत सात आठवडे अव्वल होते. आपल्याला त्यापोटी ५०० डॉलरचा एकच धनादेश मिळाला, असे त्या सांगत. १९५६ मध्ये एल्व्हिसने, लास वेगासमधल्या एका वाद्यवृंदाकडून उचललेल्या वेगळ्या ढंगात, हेच गाणे गायले आणि जग दणाणले. लीबर-स्टोलर यांना पैसे मिळाले, कारण ते लेखक होते. थॉर्नटन गायिका होत्या, लेखिका नव्हे. एल्व्हिसने ‘चोरी’ केली असा सरसकट आरोप इथे लागू होत नाही. तोटा झाला तो व्यवहाराच्या रचनेमुळे. थॉर्नटन १९८४ मध्ये गेल्या. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला २०२४ मध्ये.

गंमत म्हणजे ‘हाउंड डॉग’ची पहिली नक्कल एल्व्हिसची नव्हेच. १९५३ मध्येच सॅम फिलिप्स यांनी रुफस थॉमस यांच्याकडून ‘बेअर कॅट’ नावाचे उत्तर-गाणे गाऊन घेतले. चाल जवळपास तीच. मूळ कंपनीने दावा लावला आणि ‘सन’ हरली. एल्व्हिस प्रसिद्ध झाल्यावर फिलिप्स यांचे लक्ष गोऱ्या गायकांकडे वळले. ‘सन’ला पहिले गाजलेले गाणे देणारे थॉमस बाजूला पडले आणि ती खंत त्यांनी पुढे उघडपणे मांडली.

क्रूडप यांचे काय झाले?

त्यांनी १९४० आणि ५० च्या दशकांत डझनावारी गाणी लिहिली, पण व्यवहार व्यवस्थापकाच्या हाती होता. कंटाळून त्यांनी ध्वनिमुद्रण सोडले आणि व्हर्जिनियात मजुरी करू लागले. एल्व्हिसने त्यांची तीन गाणी मुद्रित केली. साठच्या दशकात डिक वॉटरमन नावाच्या प्रतिनिधीने थकलेल्या पैशांचा पाठपुरावा सुरू केला. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ६० हजार डॉलरची तडजोड ठरली. क्रूडप मुलांना घेऊन न्यूयॉर्कला गेले, कागदांवर सह्या केल्या आणि ऐनवेळी प्रकाशन कंपनीने माघार घेतली. ते रिकाम्या हाताने परतले. मार्च १९७४ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर ती प्रकाशन कंपनी विक्रीला निघाली. दावा अंगावर असताना सौदा अडत होता, तेव्हा कुठे कुटुंबाला पैसे मिळू लागले.

सगळेच गोरे गायक सुखात होते का?

नाही. कार्ल पर्किन्स टेनेसीतल्या वाट्याने शेती करणाऱ्या गोऱ्या कुटुंबातले. लहानपणी कापूस वेचताना शेतावरच्या एका वयस्कर कृष्णवर्णीय मजुराकडून त्यांनी गिटार शिकली. एल्व्हिसचे कंत्राट नोव्हेंबर १९५५ मध्ये ‘आरसीए’ने ३५ हजार डॉलरना विकत घेतले, तो पैसा फिलिप्स यांनी पर्किन्स यांच्यामागे लावला. १ जानेवारी १९५६ रोजी आलेले ‘ब्लू स्वेड शूज’ सर्वसाधारण, कंट्री आणि ऱ्हिदम अँड ब्लूज या तिन्ही याद्यांत वर चढले. ज्या याद्या माणसे वेगळी ठेवण्यासाठी होत्या, त्यांच्या भिंती एका शेतमजुराच्या पोराने बुटांवरच्या गाण्याने ओलांडल्या. २२ मार्चला, न्यूयॉर्कच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमासाठी निघालेली त्यांची गाडी डेलावेअरमध्ये अपघातात सापडली. भाऊ जे गंभीर जखमी झाला. पर्किन्स दुखापतींतून सावरत असताना एल्व्हिसने ते गाणे टीव्हीवर गायले. गाण्याचा चेहरा बदलला तो कायमचाच. फरक एवढाच की पर्किन्स लेखक होते, त्यामुळे पैसे येत राहिले. पुढे १९६४ मध्ये बीटल्सनी त्यांची तीन गाणी मुद्रित केली.

४ डिसेंबर १९५६ रोजी पर्किन्स ‘सन’मध्ये गात होते, पियानोवर नवखे जेरी ली लुईस होते, एल्व्हिस सहज भेटायला आला आणि जॉनी कॅशही हजर होते. ‘मिलियन डॉलर क्वार्टेट’ या नावाने गाजलेल्या त्या दुपारच्या टेपवर एल्व्हिस लास वेगासमध्ये ऐकलेल्या एका कृष्णवर्णीय गायकाची नक्कल करतो. तो गायक एल्व्हिसचेच ‘डोन्ट बी क्रूएल’ गात होता आणि आपल्यापेक्षा चांगले गात होता, असे एल्व्हिस मोकळेपणाने सांगतो. तो गायक म्हणजे जॅकी विल्सन. आणि ते गाणे लिहिले होते ब्रुकलिनचे कृष्णवर्णीय गीतकार ओटिस ब्लॅकवेल यांनी. लेबलवर सहलेखक म्हणून एल्व्हिसचेही नाव होते.

लाट ओसरली कशी?

एकापाठोपाठ एक. १९५७ मध्ये लिटल रिचर्ड धर्मकार्याकडे वळले. मार्च १९५८ मध्ये एल्व्हिस सैन्यात गेला. मे महिन्यात १३ वर्षांच्या नात्यातल्या मुलीशी केलेल्या लग्नावरून जेरी ली लुईस यांचा ब्रिटन दौरा उधळला. ३ फेब्रुवारी १९५९ रोजी आयोवात विमान कोसळून बडी हॉली, रिची व्हॅलेन्स आणि ‘बिग बॉपर’ गेले. हॉली २२ वर्षांचे होते, व्हॅलेन्स १७.

मुंबईपर्यंत काय पोहोचले?

१९५७ च्या ‘आशा’ चित्रपटातले ‘ईना मीना डीका’ हे रॉक अँड रोलचे हिंदी रूप घडवले ते पुणतांब्यात जन्मलेल्या सी. रामचंद्र, अर्थात चितळकर यांनी. किशोरकुमार आणि आशा भोसले यांच्या आवाजात ते स्वतंत्रपणे मुद्रित झाले. त्या काळच्या स्टुडिओंत ट्रम्पेट, सॅक्सोफोन आणि पाश्चात्य स्वरलेखन सांभाळणारे बहुतेक जण गोव्याचे होते. त्यांच्यापैकी अनेकांची ओळख पडद्यावर ‘सहायक’ एवढीच राहिली, काहींची तेवढीही नाही.

आज या गाण्यांवर हक्क कोणाचा?

देशानुसार उत्तर बदलते. युरोपात १९५४ च्या ‘दॅट्स ऑल राइट’च्या ध्वनिमुद्रणावरील संरक्षण २००४ अखेरीस संपले. अमेरिकेत २०१८ च्या कायद्यानुसार ते २०६४ अखेरपर्यंत कायम आहे. त्याच कायद्याने १९७२ पूर्वीच्या ध्वनिमुद्रणांसाठी डिजिटल रेडिओसारख्या सेवांवर मोबदल्याचे बंधन आले, त्यामुळे हयात कलाकारांना किंवा वारसांना उशिरा का होईना वाटा मिळू लागला. भारतात ध्वनिमुद्रणाला प्रकाशनानंतर ६० वर्षे संरक्षण असते. म्हणजे ‘ईना मीना डीका’च्या मूळ ध्वनिमुद्रणाची मुदत २०१७ अखेरीस संपली. चाल मात्र वेगळी धरली जाते. तिची मुदत संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांची. सी. रामचंद्र १९८२ मध्ये गेले, त्यामुळे ती २०४२ पर्यंत चालू राहील.